पहिलं घर भाड्यानं द्यायला घेताय? आधी रिकाम्या महिन्यांचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घराच्या किमतीच्या पाव हिस्सा रक्कम साठली आहे. बाकीचं २० वर्षांचं कर्ज काढून दोन खोल्यांचं घर घ्यायचं आणि भाड्यानं द्यायचं. हप्ता भाड्यातून जाईल आणि वीस वर्षांनी घर आपलं होईल, असा हिशेब आहे. एजंट रविवारपर्यंत टोकन मागतोय, कारण दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. टोकन द्यावं का? आणि घर घेतलंच तर भाडेकरूच्या बाबतीत काय सांभाळावं?

मी हे काम २१ वर्षं करते आहे. आज माझी पाच घरं भाड्यानं आहेत. एकेकाळी सात होती, दोन विकली, आणि त्यातलं एक अगदी नको त्या वेळी विकलं. या सगळ्या काळात मला जिथे जिथे फटका बसला, त्या प्रत्येक जागी मागे वळून पाहिलं की एकच गोष्ट दिसते: मी घाईत होते. घाईत होते, कारण हातात पैसे नव्हते. घर रिकामं पडलं, हप्त्याची तारीख आली, आणि समोर जो पहिला माणूस आला त्याला मी किल्ली दिली. म्हणून तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांच्या आधी मी तुम्हाला एक प्रश्न विचारेन. हे घर सहा महिने रिकामं राहिलं, तर तुमच्या रात्रीच्या झोपेवर काही परिणाम होईल का?

आता तुमचा हिशेब. ‘हप्ता भाड्यातून जाईल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला थोडी भीतीच वाटते. चलन कुठलंही धरा. महिन्याचं भाडं १०० आहे असं समजू, म्हणजे वर्षाचं १,२००. घराची किंमत २४,००० धरू. हा झाला वर्षाला ५ टक्के परतावा, आणि जाहिरातीत हाच आकडा सांगतात. पण वर्षातला सरासरी एक महिना घर रिकामं जातं, उरले १,१००. इमारतीची देखभाल, घरपट्टी, विमा मिळून महिन्याला १५ धरले तर १८० गेले, उरले ९२०. रंग, नळ, गीझर, दाराची बिजागरं, दर काही वर्षांनी स्वयंपाकघराचा ओटा किंवा न्हाणीघराच्या फरश्या, यांची सरासरी वर्षाला १२० धरा. आले ८०० वर. दलाली, करारनामा, कागदपत्रं यांचे ५०. हातात राहिले ७५०. म्हणजे ५ टक्क्यांचे झाले जेमतेम ३.१ टक्के, तेही आयकर भरायच्या आधी. आणि घर घेताना भरलेला कर, नोंदणी, वकील, दलाली हे मूळ किमतीत मिळवलं की तो आकडा आणखी खाली येतो.

आता कर्ज. २४,००० च्या तीन चतुर्थांश म्हणजे १८,०००. व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षं, तर हप्ता महिन्याला साधारण १५० येतो. भाडं १००, खर्च वजा जाऊन ६२-६३, आणि हप्ता १५०. दर महिन्याला ८८ तुमच्या पगारातून जाणार. भाड्याच्या मानानं घरं स्वस्त असलेल्या ठिकाणी, समजा वर्षाचं भाडं किमतीच्या ८ टक्के येतं तिथे, त्याच १०० भाड्याचं घर १५,००० ला मिळेल आणि हप्ता ९४ येईल. १०० मोठे, ९४ लहान, म्हणून माणूस खूश होतो. पण हातात पडणार ते ६२-६३च. तिथेही महिन्याला ३१-३२ खिशातून.

याचा अर्थ घेऊ नका असा नाही. दर महिन्याला खिशातून घालून वीस वर्षांत घर उभं करणं ही एक सक्तीची बचत आहे, आणि पुष्कळांना तिचा फायदा होतो. फक्त ती बचत आहे हे आधी कळलेलं बरं. भाडं दरवर्षी थोडं वाढतं आणि हप्ता तसाच राहतो, त्यामुळे आठ-दहा वर्षांनी चित्र बदलतं हेही खरं. पण त्या आठ-दहा वर्षांपर्यंत तुम्हाला पोचायचंय.

कर्जाबद्दल दोन गोष्टी बँकेत कोणी आपणहून सांगत नाही. पहिली अशी, की वर सांगितलेल्या कर्जात पहिल्या वर्षी तुम्ही भरलेल्या दर १०० मधले ७९ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं २१. निम्मं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षं लागतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या वर्षी विकायची वेळ आली, तर ‘इतके हप्ते भरले, पण कर्ज आहे तिथेच’ असं वाटतं, आणि ते जवळपास खरं असतं. दुसरी गोष्ट बदलत्या व्याजदराची. दर वाढला की बऱ्याचदा बँक हप्ता तेवढाच ठेवते आणि मुदत लांबवते, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेलं कर्ज सुरुवातीलाच ९ टक्क्यांवर गेलं आणि हप्ता तोच ठेवला, तर ते फिटायला २५ वर्षं लागतात. १० टक्क्यांवर गेलं तर? ५६ वर्षं! मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा चूक झाली असं वाटून तीनदा गणित केलं होतं. अर्थात कुठलीही बँक ५६ वर्षं थांबत नाही. ती हप्ता वाढवते, आणि तोही नेमका तुम्हाला न परवडणाऱ्या महिन्यात. म्हणून कर्ज घेतानाच दर दोन टक्क्यांनी वाढला असं धरून हप्ता काढा. वरच्या उदाहरणात तो १५० चा १७४ होतो. हा १७४ भरता येणार असेल तरच पुढे जा.

पाव हिस्सा स्वतःचा आणि बाकी कर्ज असलं की भावातला चढ आणि उतार दोन्ही चौपट होऊन तुमच्यापर्यंत येतात. भाव २० टक्के चढला तर तुमच्या पैशावर ८० टक्के वाढ, आणि तितकाच उतरला तर पाचातले चार गेले. घरांचे भाव उतरत नाहीत असं सांगणाऱ्यांना मी अमेरिकेचं उदाहरण देते. २००६ ते २०१२ या काळात तिथे देशभराची सरासरी जवळपास २७ टक्क्यांनी उतरली. जपानमध्ये तर जमिनीचे भाव १९९१ च्या सुमारास शिखरावर होते, आणि नंतर दहा वर्षांहून अधिक काळ ते उतरतच राहिले. मात्र भाव उतरल्यामुळे प्रत्येक जण बुडत नाही. त्या वर्षांत ज्याला विकावं लागलं, तो बुडाला. ज्याचं भाडं येत होतं आणि हप्ता भरायला पैसे होते, त्याच्यासाठी तो फक्त वर्तमानपत्रातला आकडा होता. मी जे घर नको त्या वेळी विकलं, त्याचा भाव नंतर पाच वर्षांत सावरला. मला ती पाच वर्षं काढता आली नाहीत, कारण दोन घरं एकाच वेळी रिकामी होती आणि गंगाजळी शून्य होती.

तेव्हा पाव हिस्सा हातात आहे म्हणून सगळा पाव हिस्सा घरात घालू नका. सहा महिन्यांचे हप्ते, सहा महिन्यांचा देखभाल खर्च आणि एक मोठी दुरुस्ती निघेल एवढी रक्कम बाजूला ठेवा, वेगळ्या खात्यात. ती ठेवून जेवढं उरतं, तेवढ्यात जे बसेल ते घर बघा. ते तुम्ही आत्ता बघताय त्यापेक्षा लहान निघेल. निघू दे.

घर निवडताना नवे लोक स्वतःला आवडेल असं घर शोधतात. तुम्ही तिथे राहणार नाही आहात. त्या भागात भाड्यानं कोण राहतं आणि ते कशासाठी येतात, हे शोधा. इस्पितळ, महाविद्यालय, कारखाना, रेल्वे, जे असेल ते. शंभर माणसांना एकाच मालकाकडे नोकरी असेल आणि तो कारखाना हलला, तर तुमच्यासकट सगळ्यांचीच घरं एकाच महिन्यात रिकामी होतात. दोन-तीन वेगवेगळ्या कारणांनी लोक येत असतील अशी जागा मला जास्त आवडते, मग भाडं थोडं कमी का असेना.

आणि घराच्या आत बघता तितकंच इमारतीचं बघा. सामाईक खात्यात किती पैसे आहेत, किती सदस्यांची थकबाकी आहे, गच्ची, लिफ्ट आणि पाण्याच्या मुख्य वाहिन्या शेवटच्या कधी केल्या, मोठ्या खर्चाची चर्चा चालू आहे का, हे विचारा. शक्य असेल तर गेल्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागून वाचा. फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथली चँप्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ९८ माणसं गेली. तिच्या काँक्रीटचं नुकसान अभियंत्यानं २०१८ मध्येच अहवालात लिहून ठेवलं होतं, आणि सुमारे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीचा बोजा घरमालकांवर येऊ घातला होता. इतकं टोकाचं क्वचित होतं. पण ‘पुढच्या वर्षी प्रत्येकानं इतके भरायचे’ असा ठराव तुम्ही घर घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात होणं हे अजिबात क्वचित नाही. विकणाऱ्याला तो ठराव येणार हे माहीत असतं, आणि म्हणूनच तो विकत असतो.

बांधकाम चालू असलेलं घर पहिल्यांदाच घेणाऱ्यानं टाळावं असं माझं मत आहे. हप्ता सुरू आणि भाडं नाही, अशी मधली वर्षं किती ते बिल्डरच्या हातात असतं. २०२२ मध्ये चीनमध्ये अर्धवट राहिलेल्या इमारतींच्या खरेदीदारांनी शहरोशहरी एकत्र येऊन हप्तेच थांबवले होते, इतकी ती कोंडी झाली होती. मालकी हक्काची कागदपत्रं, कर्जाचा बोजा, मंजुऱ्या हे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या. विकणाऱ्याच्या नव्हे, एजंटनं सुचवलेल्याही नव्हे.

आता भाडेकरू. माझा पहिला भाडेकरू मी अकरा मिनिटांत निवडला. घर सात आठवडे रिकामं होतं, तो गृहस्थ नीटनेटका होता, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ रोख देतो म्हणाला आणि ‘आजच सामान आणू का?’ असं विचारलं. मला हायसं वाटलं. खरं तर घाबरायला हवं होतं. आजच्या आज राहायला यायची वेळ माणसावर का येते, हे मी विचारलंच नाही. चौथ्या महिन्यापासून भाडं बंद झालं आणि घर परत मिळायला चौदा महिने लागले. सात आठवड्यांचा रिकामा काळ वाचवायला गेले आणि एक वर्ष घालवलं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारते. सध्या कुठे राहता, ते का सोडताय, आणि कधीपासून घर हवंय? उत्तरांपेक्षा ती एकमेकांशी जुळतात का ते ऐकायचं. मग उत्पन्नाचा पुरावा. भाडं उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत असावं, असा माझा अंदाज असतो, पण तो पाळताना डोकं वापरावं लागतं. कमी पगाराचा पण सात वर्षं एकाच नोकरीत असलेला माणूस मला मोठ्या पगाराच्या आणि दर आठ महिन्यांनी नोकरी बदलणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. आणि मालकाला फोन करायचा तो आत्ताच्या नाही, त्याच्या आधीच्या. आत्ताचा मालक त्रासलेला असला तर भाडेकरू जावा म्हणून त्याची आरतीच ओवाळेल. आधीच्याला खोटं बोलायचं कारण उरलेलं नसतं. त्याला मी एवढंच विचारते, ‘पुन्हा घर द्याल का त्यांना?’ उत्तराआधी तो किती वेळ थांबतो, त्यातच पुष्कळ कळतं.

निकष आधीच कागदावर लिहा आणि प्रत्येकाला तेच लावा. जात, धर्म, भाषा, लग्न झालंय की नाही, यांवरून घर नाकारणारे पुष्कळ मालक मी पाहिलेत. ते चुकीचं तर आहेच, पुष्कळ ठिकाणी बेकायदाही आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानं वंश, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारायला बंदी घातली, आणि १९८८ मध्ये अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं या गोष्टींची भर पडली. आणि व्यवहाराचं म्हणाल तर माझ्या सगळ्यात चांगल्या भाडेकरूला आधी चार मालकांनी अशाच कारणांनी परत पाठवलं होतं. ती नऊ वर्षं राहिली.

त्या नऊ वर्षांत मी तिचं भाडं बाजारापेक्षा थोडं मागेच ठेवलं. लोक मला वेड्यात काढत. पण हिशेब बघा. भाडं १०० ऐवजी १०५ मागितलं आणि त्यापायी घर एक महिना जास्त रिकामं राहिलं, तर गेलेले १०० भरून यायला वीस महिने लागतात. शिवाय प्रत्येक बदलीला रंग, दलाली, करार आणि माझ्या चार सुट्ट्या. चांगला भाडेकरू टिकवायला पाच टक्के सोडणं मला महाग वाटत नाही. वाढ मात्र दरवर्षी करायची, थोडी का होईना, आणि दोन महिने आधी सांगून. पाच वर्षं काहीच न वाढवता सहाव्या वर्षी एकदम वीस टक्के मागितले की उत्तम भाडेकरूही घर शोधायला लागतो.

करारनामा आणि अनामतीचे नियम जागेप्रमाणे इतके बदलतात की दुसऱ्या शहरातल्या मित्राचा करार उतरवून घेऊ नका. इंग्लंडमध्ये अनामत ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते, नाहीतर अनामतीच्या तिपटीपर्यंत दंड बसू शकतो. जर्मनीत ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि मालकाला ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. भारतात केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी करार करून तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. शंभरातल्या किती मालकांना हे माहीत असतं कोण जाणे!

नियम मध्येच बदलतातही. बर्लिननं २०२० मध्ये भाडी गोठवली आणि एप्रिल २०२१ मध्ये घटना न्यायालयानं तो कायदा रद्द केला. मधल्या काळात कमी भाडं भरलेल्या कित्येकांना फरक परत द्यावा लागला. ब्रिटनमध्ये २०१७ ते २०२० या काळात व्यक्तिगत मालकांची गृहकर्जाच्या व्याजाची वजावट टप्प्याटप्प्यानं काढून तिच्या जागी २० टक्क्यांची सवलत आली, आणि कर्जावर घरं घेतलेल्यांचं गणितच फिरलं. आज जेमतेम बसणारा हिशेब असा एक बदल झेलू शकत नाही. म्हणून पुन्हा ती गंगाजळी.

किल्ली देताना अर्धा तास जास्त द्या. प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मीटरचे आकडे लिहा, किल्ल्या मोजा, आधीपासून असलेले चरे आणि डाग दोघांनी मिळून नोंदवा, सह्या करा आणि एक प्रत त्यांना द्या. घर सोडताना भांडण होतं ते नव्वद टक्के ‘हे आधीच होतं’ यावरून. वापराची झीज आणि नुकसान यांत फरक असतो, आणि झिजेचे पैसे भाडेकरूकडून घ्यायचे नसतात. भिंतीचा रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि तो चार वर्षांचा जुना असताना मुलांनी भिंत रंगवून ठेवली, तर मी रंगाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा मागते. पूर्ण रंगकाम त्यांच्या माथी मारणं हा दरोडा आहे, आणि अनामत परत न देणाऱ्या मालकाचं नाव फार लवकर पसरतं.

दुरुस्तीबद्दल मला बोलायला आवडतं, कारण इथे पैसे वाचतात आणि माणसंही. भाडेकरूचा फोन आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं, काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल. उत्तर मिळत नाही असं दिसलं की लोक सांगणं बंद करतात, आणि न सांगितलेली गळती सगळ्यात महाग पडते. पाणी कुठेतरी मुरतंय अशी शंका आली तर सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघा; काटा हळूच जरी फिरत असेल तरी मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. भिंतीवर ओल दिसली तर लगेच फोडाफोड करू नका. डाग आधी वाळवून त्यावर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली वाफ आहे, खिडकी उघडायला आणि पंखा लावायला सांगा. कागदाच्या मागे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. एकदा मी हे न करता बाहेरून सबंध भिंतीचं वॉटरप्रूफिंग केलं होतं. ओल होती ती बंद खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची.

दोन बाबतींत मात्र तडजोड करायची नाही. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात ठेवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करताच जातो. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातल्या गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी मालकावर बंधनकारक आहे; तुमच्याकडे नसली तरी करून घ्या. दुसरं म्हणजे विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा स्विच असावा, आणि त्याच्यावरचं तपासणीचं बटण तुम्ही प्रत्येक भेटीत स्वतः दाबून बघावं. घर बघायला जाण्याआधी कळवून जा, हे सांगायला नको. किल्ली तुमच्याकडे आहे म्हणून घर तुमचं नसतं, ते त्यांचं राहतं घर आहे.

भाडं थकलं तर? पाचव्या दिवशी साधा निरोप, दहाव्या दिवशी फोन, मग लेखी नोटीस. नोकरी गेली, आजारपण आलं असं खरं कारण असेल तर मी थकबाकीचे हप्ते पाडून देते, लिहून घेऊन. पण दुसरा महिनाही गप्पच गेला तर वकील. चौदा महिन्यांच्या त्या प्रकरणात माझी खरी चूक ही होती की मी पहिले पाच महिने ‘देतील, देतील’ करत काढले. आणि कितीही राग आला तरी पाणी तोडणं, वीज तोडणं, कुलूप बदलणं यांतलं काहीही नाही. जवळपास सगळीकडे ते बेकायदा आहे, आणि त्या एका कृतीनं न्यायालयात तुमची बाजू पडते.

नातेवाइकाला घर द्यायचं असेल तर भाडं विसरायच्या तयारीनंच द्या.

हिशेबाला वेगळं खातं, प्रत्येक घराची वेगळी वही, प्रत्येक पावती जपून. विम्याच्या कंपनीला घर भाड्यानं दिलंय हे लेखी कळवा. राहत्या घराचा विमा अशा वेळी पुष्कळदा लागू होत नाही, आणि घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं असेल तर काही जोखमी वगळणारं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. कराचं एकदा तुमच्या तिथल्या सल्लागाराकडे बसून समजून घ्या, विकत घेण्याआधी.

आता रविवार. टोकन देऊ नका. एजंटला सांगा की मालकी हक्काची कागदपत्रं, इमारतीच्या खात्याचा गेल्या दोन वर्षांचा हिशेब आणि आत्ताचा भाडेकरार असेल तर त्याची प्रत, या तीन गोष्टी हातात आल्यावर वकिलाला दहा दिवस लागतील. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर घर त्याला जाईल. मी अशी सहा-सात घरं घालवली आहेत आणि त्यांतलं एकही मला आज आठवत नाही. रविवारी संध्याकाळी अंधार पडल्यावर त्या इमारतीसमोर जाऊन उभे राहा आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजा. एक तृतीयांश घरं काळोखात असतील, तर ती तुमच्यासारख्यांनीच गुंतवणूक म्हणून घेतलेली असण्याची शक्यता आहे, आणि तुमचं घर रिकामं होईल त्या महिन्यात ती सगळी तुमच्याशी स्पर्धेत असतील. मग जिन्यानं वर जा, लिफ्टनं नको. प्रत्येक मजल्यावर वाहिन्यांच्या कोपऱ्यातली भिंत बघा. खाली आलात की पहारेकऱ्याला विचारा, उन्हाळ्यात टँकर किती येतात.